फक्कीची रेघ

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भुईमुगाच्या शेंगा फोडणं. बियाण्याच्या. दिवेलागण झाली होती, टीव्हीवर कबड्डी लागली होती. मधे सूप, एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला मी. माझ्या बोटांत आता जोर नाही, मी चार शेंगा फोडीपर्यंत तिच्या दहा व्हायच्या. टीव्हीत एका गड्याचा पाय रेघेबाहेर गेला का नाही यावरून वाद लागला. मग तेच चित्र पुन्हा लावलं, हळूहळू, मोठं करून. टाच बाहेर. सगळ्यांनी बघितली.

ती दाणे पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं. आता कुणाला फक्कीवर बसायची सोय राह्यली न्हाई."

मला कमी ऐकू येतं, पण हे नीट ऐकू आलं. पन्नास वर्षं ज्या शब्दाला मी भीत होतो आणि ज्याची वाटही बघत होतो, तो तिनं सूप हलवता हलवता टाकून दिला. मी काय बोललो? "च्या ठेव." एवढंच. ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि तिनं चहा ठेवला.

मी चौथी शिकलेला माणूस. फिरवून फिरवून लिहायला येत नाही. झालं ते सांगतो.

दुष्काळाचं बाहत्तर साल. आमचं गाव कोल्हारच्या खाली, प्रवरेच्या काठाला. नदीत नुसती वाळू. तरी पोरांनी कबड्डीचे सामने भरवले, कारण गावात दुसरं करायला काही राहिलंच नव्हतं. मैदान दाबायला पाणी लागतं. पात्रात झिरा खणून दोन पिंप भरून आणली, तर एक म्हातारा काठी आपटत आला. "माणसं प्यायला पानी मागत्यात आन् तुमी मातीला पाजताय व्हय?" पण सामन्याच्या दिवशी तोच सगळ्यात पुढं बसला.

रेघा मी मारल्या. सुतळी ताणली, डालड्याच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, त्यात फक्की भरली, म्हणजे चुन्याची पांढरी पूड, आणि वाकून वाकून चारी बाजू आखल्या. म्हणून त्या रेघा मला माझ्या वाटत होत्या.

सेमी फायनलला आमच्यासमोर आलं राहात्याकडचं एक गाव. बायकोचं माहेर. आणि त्यांचा चढाईचा गडी म्हणजे माझा मेहुणा, तिचा पाठचा भाऊ. अंगानं काटकुळा, पण कमरेत असा लवायचा की धरणाऱ्याच्या हातात वाराच यायचा. शुगर फॅक्टरीची दोन माणसं सामना बघायला येणार होती. त्यांना संघात एक चढाईवाला हवा होता. संघात घेतला म्हणजे नोकरी पक्की. तेव्हा मेहुणा दुष्काळी कामावर खडी फोडत होता. त्याचं काय अडलं होतं ते मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आठवडाभर गावानं मला सुखानं जगू दिलं नाही. पारावर गेलो की, "काय, उद्या कुणाकडून बसणार? बायकोच्या का आमच्या?" न्हाव्याकडं गेलो तर तो वस्तरा गळ्यावर ठेवून म्हणतो, "आधी सांगा, मग भादरतो." तिलाही विहिरीवर बाया सोडत नव्हत्या. ती मात्र फटकन सांगायची, "सासरी नांदतीय ती मी. भाऊ माहेरचाच हाय. त्यो आला की मी वरडनार." आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिचं असं बोलणं मला आवडायचं आणि लाजही वाटायची.

सामन्याला बाया बैलगाड्यांवर बसल्या होत्या, शेवटच्या रेघेच्या मागं. मी बरोबर त्यांच्या पुढं, रेघेला नाक लावून, उकिडवा. भाऊ चढाईला आला की ती गाडीत उभी राहायची. पदर खांद्यावर, एक हात बैलगाडीच्या खुंट्याला. "शिव त्याला! शिव, माझ्या वाघा! फीर आता माघारी!" शेजारीण तिला खाली ओढायची, ही पुन्हा उभी. तो काठीवाला म्हातारा मागं वळून म्हणाला, "आरं, कुनाची सून ही? घशात कर्णा बसवलाय का?" सगळे हसले. मीही हसलो, पण कान तापले. तो आवाज आता या घरात ऐकायला मिळावा म्हणून मी काय वाटेल ते देईन. तेव्हा मात्र मला तो बंद व्हावा असं वाटत होतं.

शेवटची चढाई उरली. आम्ही एका गुणानं पुढं. मेहुणा आला, दम घुमवत, आणि बघता बघता आमच्या दोघांना शिवला. माघारी पोचला तर सामना त्यांचा. आमचा कोपऱ्यातला गडी त्याला चुकवायला एक पाऊल मागं सरला. त्याची टाच रेघ ओलांडून बाहेर आली, माझ्या गुडघ्यापासून वीतभर. ओल्या मातीत खड्डा उमटला आणि फक्की त्या खड्ड्यात ओढली गेली. मग त्यानं पुढं झेप घेतली आणि मेहुण्याचा घोटा धरला. बाहेर पडलेल्या गड्याची पकड चालत नाही. हे पोरालाही कळतं.

पंचानं शिट्टी मारली. ते बाहेरगावच्या शाळेचे खेळाचे मास्तर होते, सरळ माणूस. पलीकडच्यांनी गलका केला, "पाय भाईर! पाय भाईर!" मास्तर रेघ बघायला माझ्याकडं यायला लागले.

मी विचार केला नाही. उकिडवा होतो, तो एक हात पुढं सरकलो आणि त्या खुणेवर बूड टेकून बसलो.

मास्तरांनी वाकून बघितलं. माणसांनी बसून बसून रेघ सगळीकडंच पुसली होती. मला विचारलं, "पाय बाहेर गेला होता का हो?"

"मला दिसला न्हाई," मी म्हणालो.

मेहुणा बाद. गावानं फेटे उडवले. मला कुणीतरी उचललं, का ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी मागं गाडीकडं बघितलं. ती खाली बसली होती. पदर डोक्यावर घेतलेला.

घरी जाताना ती माझ्या मागून चालत होती. वेशीपाशी आल्यावर म्हणाली, "धोतर झटका. मागं फक्की लागलीय."

झालं. एवढंच बोलली. तिला दिसलं होतं, का नुसती फक्की दिसली होती? मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ते धोतर दगडावर आपटलं. फक्की दोन आपटण्यांत जाते. ती बराच वेळ आपटत होती.

सामन्याच्याच दिवशी मेहुणा आमच्याकडं जेवायला होता. फॅक्टरीची माणसं त्याला काही न बोलता निघून गेली होती. भाकरी कुस्करता कुस्करता त्यानं विचारलं, "आक्का, तू समोरच हुतीस. कसा गावलो गं मी त्याला?"

मी ताटात बघत होतो.

ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "तू घाई केलीस. जेव."

फायनलला आम्हाला कोल्हारच्या बाजूच्या पोरांनी असं तुडवलं की सांगायची सोय नाही. मेहुणा खडी फोडायला परत गेला. पुढं पाऊस झाला, शेती केली, पोरंबाळं झाली, त्याचं बरं चाललं. पण चढाईला पुन्हा कधी उतरला नाही. गावातली पोरं कबड्डी खेळताना दिसली की त्यांना थांबवून सांगायचा, "घाई करू नका. मी केल्ती." माझ्यासमोर सांगायचा. ती ऐकायची, मीही ऐकायचो.

आणि ती पुन्हा कुठल्या सामन्याला आली नाही. मी जत्रेत म्हणायचो, "चल की बघायला." ती म्हणायची, "तुमी जा. मला काम हाय." टीव्ही आल्यावर बघायला लागली, पण गप्प बसून. गडी कितीही चांगला असला तरी तिच्या तोंडून कधी "शिव!" निघालं नाही. मी डोळ्याच्या कडेनं वाट बघायचो.

त्या दिवशी चहा पिऊन आम्ही उरलेल्या शेंगा फोडल्या. दाणे डब्यात भरले. सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली होती. डॉक्टर आला, त्यानं हात धरला आणि सोडला.

लेकानं मामाला फोन केला. रीतीप्रमाणं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. नऊच्या सुमाराला मेहुणा आला. पंच्याहत्तरीचा म्हातारा, काठी टेकत, काखेत कागदात गुंडाळलेलं हिरवं लुगडं. अंगण माणसांनी भरलं होतं. तो तिच्यापाशी बसून कागद सोडायला लागला, तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही.

"त्याचा पाय भाईर हुता," मी म्हणालो.

"कुनाचा, दाजी?"

"आमच्या गड्याचा. टाच भाईर हुती. मी त्या खुणेवर बसलो. तू घाई न्हवती केलीस."

लोकांना वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. कुणीतरी मला धरून आत न्यायला बघत होतं. मेहुण्यानं हातानंच त्याला थांबवलं. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"आक्कानं सांगितलं हुतं, मी घाई केली म्हून," तो म्हणाला.

"तिला दिसलं हुतं."

मग त्यानं लुगड्याची घडी मोडली आणि एक टोक माझ्याकडं केलं.

"धरा," तो म्हणाला.

मी धरलं. आम्ही दोघांनी ते तिच्यावर पांघरलं.