मीटरगेजवाले रिसबूड

प्रभाकर रिसबूड विमा कंपनीत अधिकारी होते. बदल्यांवर बदल्या घेत चौपन्नाव्या वर्षी ते जयपूरला आले. मुलगी ज्ञानदा लग्न होऊन लांब गेली होती, आणि नव्या गावात पुन्हा नव्या ओळखी काढायचा नवरा-बायको दोघांनाही कंटाळा आला होता. सी-स्कीममधलं ऑफिस, जगतपुऱ्यातला भाड्याचा फ्लॅट, दिवस त्यातच संपायचा.

रिसबूड मूळचे मिरजेचे. लहानपणी घरामागून मीटरगेजची, म्हणजे अरुंद रुळांची गाडी जायची; ते रूळ केव्हाच उखडले गेले. सीकरच्या बाजूला अजून तशीच गाडी धावते हे कळलं, तेव्हा एका रविवारी ते सहज बघायला गेले. मग जातच राहिले. कॅमेरा घेतला. इंटरनेटवर रेल्वेवेड्यांचा एक गट होता, त्यात फोटो टाकू लागले. कुणी इंजिनाच्या रंगावरून वाद घालायचं, कुणी जुन्या सिग्नलवरून. ही माणसं एकमेकांना कधी भेटलेली नव्हती. पण ऑफिसातून दमून आलेले रिसबूड ताट बाजूला सारून त्यांची उत्तरं वाचायचे. अलकाताईंना त्यातलं काही कळत नव्हतं. नवरा कुणाशी तरी बोलतोय, एवढं त्यांना पुरे होतं.

२००८च्या मे महिन्यात शहरात बॉम्बस्फोट झाले. लोक एकमेकांच्या पिशव्यांकडे बघू लागले. महिनाभर रिसबूड घरीच बसले. मग एका रविवारी न राहवून सीकरच्या लाइनीवरच्या एका लहान स्टेशनावर गेले आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे राहून येणाऱ्या गाडीचे फोटो काढू लागले. पोलिसांनी हटकलं आणि चौकीत नेऊन बसवलं.

समजावून सांगायला गेले तसा गुंता वाढत गेला. फोटो कुणाला पाठवता, असं विचारल्यावर त्यांनी खरं ते सांगितलं, की गटात एक जर्मनीतलेही गृहस्थ आहेत. ऑफिसचं ओळखपत्र घरी राहिलं होतं. फोन केल्यावर ते घेऊन अलकाताई बसने आल्या, तोवर दुपार कलली होती.

चौकीतला अधिकारी वाईट नव्हता. स्फोटांपासून त्याला धड सुट्टी मिळालेली नव्हती, डोळे तांबारले होते. ओळखपत्र बघून त्याने कॅमेऱ्यातले सगळे फोटो पुसायला सांगितलं. मग रिसबुडांकडे बघत म्हणाला, "इस उमर में ये सब क्यों करते हो, साहब?"

त्यात राग नव्हता. म्हणूनच ते लागलं. रिसबूड एकेक फोटो उघडत होते, पुसत होते. अलकाताई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. ते फोटो त्या पहिल्यांदाच नीट बघत होत्या.

झालेला प्रकार रिसबुडांनी गटाला थोडक्यात कळवला. उत्तरांचा पाऊस पडला. परवानगी आधी काढायला हवी होती, असं कुणी सुनावलं. कुणी कायद्याची कलमं लिहिली. दोघांची आपसात जुंपली. पुसलेले फोटो परत मिळवता येतात का, यावर बरीच चर्चा झाली. दिवसभर चौकीत बसलेल्या माणसाची चौकशी कुणी केली नाही. रिसबुडांनी कॉम्प्युटर बंद केला. त्यानंतर रविवारी ते दुपारपर्यंत झोपून असत.

थंडी सुरू झाली तेव्हा अलकाताई म्हणाल्या, "अहो, मला एकदा त्या गाडीत बसवा."

दोघं त्याच लाइनीवरच्या रींगसपर्यंत गेले. डब्यात धूळ होती, खिडकीची फळी खाली सरकत नव्हती. अलकाताई थोडा वेळ बाहेर बघत राहिल्या आणि मग नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेल्या. रिसबूड जागे होते. ऊन छान पडलं होतं, वळणावर इंजिन पूर्ण दिसत होतं. पूर्वी असं काही दिसलं की त्यांचा हात आपोआप कॅमेऱ्याकडे जायचा. आज गेला नाही. कॅमेरा घरी राहिलाय, हेही त्यांना बऱ्याच वेळाने आठवलं.

रींगसला चहा घेताना अलकाताईंनी विचारलं, "परत काढाल ना फोटो?"

"भीती नाही वाटत," रिसबूड म्हणाले. "पण आता कुणाला काही समजावून सांगायला नको वाटतं."

अलकाताईंनी आग्रह केला नाही. परतीच्या गाडीला उशीर होता. त्यांनी पिशवीतली शाल काढली, अर्धी रिसबुडांच्या गुडघ्यांवर टाकली, आणि दोघं बाकावर बसून राहिले.