भावसुनेपुढे न सांगितलेला घास

आधी माझ्या धाकट्या जावेचं सांगते. ती नसती तर यांचं ऑपरेशन कसं करायचं ते ठरलंच नसतं. यांचं म्हणजे माझ्या नवऱ्याचं. जाऊ बी.एस्सी. झालेली, नेहरू नगरला कोचिंगमध्ये शिकवते. क्लास सोडून ती आमच्याबरोबर प्रत्येक तपासणीला आली. मी सातवीत शाळा सोडलेली, लग्न होऊन भंडाऱ्याकडून इकडे हिंदी मुलखात, मरोद्याला आलेली. अजूनही फॉर्म भरायचा म्हटलं की मी तो दुसऱ्याकडे सरकवते.

यांचं जठर अर्ध्याच्या वर छातीत सरकलं होतं. यालाही हर्नियाच म्हणतात म्हणे; मला जांघेतला तेवढाच ठाऊक. सर्जनने कागदावर चित्र काढलं. पोटाकडून दुर्बिणीने जायचं, जठर खाली ओढायचं, छाती-पोटामधल्या पडद्यातलं भोक शिवायचं, गरज पडली तर जाळी लावायची. अन्ननलिका आखडलेली निघाली तर छातीकडूनही जावं लागेल. शेवटी जठराचा वेढा नळीभोवती घालायचा, म्हणजे आंबट वर येत नाही. जाऊ मधे मधे विचारत होती आणि सर्जन तिच्याकडेच बघून बोलत होते. नवरा माझा, अन् मी थैली मांडीवर घेऊन भिंतीशी. तिच्या पेनाचासुद्धा मला राग आला.

सर्जनने यांना विचारलं, "खाना अटकता है?"

"नहीं साहब."

जावेने तसंच लिहून घेतलं.

ते खोटं होतं. पण आमच्यात भासरा, म्हणजे थोरला दीर, भावसुनेपुढे, धाकट्या भावाच्या बायकोपुढे, पाय पसरून बसतसुद्धा नाही, मग घास अडतो, ओकारी येते, हे तिच्यासमोर कसं निघणार तोंडातून? मला यांची अडचण कळली, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. तिला माहीत नाही असं काहीतरी माझ्याजवळ होतं. तेवढ्यात सर्जन म्हणाले, मग वेढा पूर्ण घालू. आधीच अडणाऱ्या नळीला पूर्ण वेढा. मग तर घास उतरायचाच नाही. मी भिंतीपासून पुढे होऊन बोलले,

"अटकता है साहब. दो साल से सूखी रोटी नहीं खाये. दाल में चूरके, हर कौर पे पानी."

यांनी मान खाली घातली. जाऊ उठली. "माह्यापुढं कसे सांगतीन भाऊजी? ताई, तुमीच सांगा सगळं. मी भाईर बसते." कागद-पेन माझ्या हातात देऊन ती गेली.

मग नळीचा जोर मोजणारी तपासणी झाली. जोर कमी निघाला, वेढा अर्धाच ठरला. ऑपरेशन दुर्बिणीनेच पार पडलं. आता हे पोळी खातात. नातेवाईक म्हणतात, शिकलेली भावसून होती म्हणून निभावलं. ती दरवेळी सांगते, नाही, ताईंमुळे. तेही मला टोचतं. इतकं चांगलं काहून असावं माणसानं?

तिला आई नाही. तिचं बाळंतपण होईल तेव्हा मी करीन, सव्वा महिना तिला पाण्यात हात घालू देणार नाही. तिला अजून बोलले नाही, पण करीन.