एव्हिसचा हातगुण

एव्हिस गिलम आमच्या शेतकी मंडळात चहा करायची. मंडळाच्या लेखी तिची ओळख तिथे सुरू होऊन तिथेच संपत होती. नवरा कीथ जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी मेलबर्नला, घरी एक म्हातारा कुत्रा. दर शनिवारी सकाळी ती मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाच्या मैदानातल्या पत्र्याच्या ऑफिसात यायची, किटली ठेवायची, घरून भाजून आणलेले स्कोन नावाचे छोटे पाव मांडायची. मग कमिटीतले पुरुष ते स्कोन खात कुंपणाला हिरवा रंग द्यावा की पांढरा यावर चर्चा करायचे. ही चर्चा मी कमिटीत आले त्याच्या आधीपासून चालू होती. माझ्याकडे कोंबड्यांचा विभाग आहे, त्यामुळे कुंपणावर मत द्यायचा मला अधिकार नाही. एव्हिसला तर कशावरच नव्हता. एकदा तिने रंगाविषयी तोंड उघडलं, तेव्हा आमचा अध्यक्ष डेस लॉकेट म्हणाला, "एव्हिस, दूध संपलेलं दिसतंय." डेस मेंढ्यांचा मोठा मालक. विचारही कळपानेच करतो.

मंडळाचा कॉम्प्युटर एका ऑफिसने टाकून दिला होता, म्हणून तो आमच्यासाठी नवा होता. प्रदर्शनाच्या सगळ्या नोंदी त्यात: कुणाचा मेंढा, कुणाचा भोपळा, कुणाचं लोणचं. त्या नोंदींचा प्रोग्रॅम फेनविक नावाच्या शाळामास्तराने लिहिला होता आणि तो त्याच एका कॉम्प्युटरवर चालायचा. फेनविक पुढे क्वीन्सलंडला गेला. मदतीसाठी फोन केला तर म्हणाला, "मी आता मासे धरतो," आणि फोन ठेवला.

त्या हिवाळ्यात हा कॉम्प्युटर रुसायला लागला. बटण दाबलं तर आतला पंखा हलेना, दिवा लागेना, काही नाही. कधी पहिल्या दाबातच सुरू, कधी मढ्यासारखा गप्प. टास्मानियातलं आमचं टॅनर्स मार्श पठारावर आहे, इथे जुलै-ऑगस्ट म्हणजे ऐन थंडी, सकाळी गवत बर्फाने कडक झालेलं असतं, माणसंही नीट सुरू होत नाहीत. पण कॉम्प्युटरला कोण सूट देतो?

अशा वेळी धावून येणारा माणूस म्हणजे ट्रेव्हर पायबस. ट्रेव्हरची हयात धरणाच्या वीजघरात गेली, त्यामुळे विजेतलं त्याला सगळं कळतं असं तो स्वतः सांगतो. तिथे तो फाटकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघायचा, हे तो सांगत नाही.

"कुणी हात लावू नका," ट्रेव्हर म्हणाला. "विजेचं काम आहे."

पहिल्या शनिवारी त्याने वायर बदलली. सकाळी काम सुरू केलं, जेवायच्या सुमाराला बटण दाबलं, कॉम्प्युटर सुरू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा मढं. मग त्याने भिंतीतला प्लग बदलला. जेवायच्या सुमाराला सुरू, टाळ्या. मग आतली बॅटरी बदलली. मग मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. मग मेंढ्यांच्या शेडमधला हवेचा पंप आणून आतली धूळ उडवली, ती आम्ही सगळ्यांनी श्वासातून घेतली आणि थोडी स्कोनवर बसली. प्रत्येक वेळी दुपार होता होता कॉम्प्युटर चालू व्हायचा आणि प्रत्येक वेळी ट्रेव्हर म्हणायचा, "सापडला दोष." इतके दोष सापडलेला कॉम्प्युटर साऱ्या टास्मानियात दुसरा नसेल.

मग एका शनिवारी ट्रेव्हर दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. एव्हिस नेहमीसारखी सर्वांच्या आधी आली. तिची पाठ दुखते, म्हणून थंडीत ती गरम पाण्याची पिशवी जवळ बाळगते. त्या दिवशी तिने किटलीतलं पाणी पिशवीत भरलं. टेबल ओलं होतं म्हणून पिशवी कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवली, निवू नये म्हणून वर आपला लोकरी स्वेटर टाकला आणि कप पुसत बसली. कप पुसून झाले, पिशवी उचलली, डबाही पुसला, आणि पुसता पुसता बटण दाबलं. का दाबलं ते तिला अजूनही सांगता येत नाही. पंखा घरघरला. नेमके तेव्हाच डेस आणि मंडळी दारातून आत आली.

"काय केलंस?" डेसने विचारलं.

"बटण दाबलं."

"कसं?"

"बोटाने."

त्या दिवसापासून एव्हिसच्या हाताला गुण आहे, असं ठरलं. मेंढ्यांच्या जातींवरची पुस्तकं कोळून प्यालेली माणसं ही, पण पुढच्या शनिवारी कोणीही बटणाला हात लावला नाही. एव्हिस आली, सगळे बाहेर थांबले, थोड्या वेळाने पंख्याचा आवाज आला, सगळे आत गेले. चर्चमध्येसुद्धा आमच्याकडे इतकी शिस्त नसते.

मी तिला कोंबड्यांच्या शेडमध्ये गाठलं. "खरं सांग, काय करतेस?"

"शेकते," ती म्हणाली. "त्याला थंडी बाधते. मागच्या खेपेला मुद्दाम पिशवी न ठेवता दाबून बघितलं, नाही झालं. ठेवली, झालं. आत काहीतरी म्हातारं झालंय. कीथचा ट्रॅक्टर असाच होता."

"म्हणजे ट्रेव्हरचं जेवायच्या वेळेपर्यंत जे जमायचं, ते..."

"हीटर लावून खोली तापायची, दुसरं काय."

"मग सांग ना त्यांना."

"सांगेन की," एव्हिस म्हणाली. "विचारलं तर."

आणि कुणी विचारलं नाही, कारण जो तो तिला सांगत होता. एक म्हणाला तिच्या लोकरीच्या कपड्यांत वीज साठते. दुसरा म्हणाला तिचं वजन जमिनीच्या फळीवर बरोबर पडतं. दात काढून परतलेल्या ट्रेव्हरने तिला रबराच्या चटईवर उभं करून बटण दाबायला लावलं, मग बूट काढून, मग डाव्या हाताने. डबा तिने आधीच शेकून ठेवलेला, सगळ्या प्रकारे सुरू झालं. ट्रेव्हर गाल धरून म्हणाला, "विचित्र आहे." एव्हिस म्हणाली, "त्याच्याशी नीट बोलावं लागतं, ट्रेव्हर. तू फार ओरडतोस." मला शेडमध्ये जाऊन कोंबड्यांसमोर हसावं लागलं.

एव्हिस काही संतबाई नाही. हातात आलेली गोष्ट तिने दोन्ही हातांनी धरली. आधी ऑफिसची किल्ली मागून घेतली. मग म्हणाली, सकाळी लवकर यायचं तर चहाचं मला जमणार नाही, ट्रेव्हर रिकामाच असतो. ट्रेव्हर किटलीपाशी गेला. मग तिला कमिटीत घेण्यात आलं आणि फेनविकचा प्रोग्रॅम तीच चालवू लागली. सुरुवातीला तिला एक अक्षर कळत नव्हतं. ती गुपचूप एकेक करून बघायची, चुकलं की आधीसारखं करायची, आणि कुणाला पत्ता लागू द्यायची नाही. एका शनिवारी, कॉम्प्युटर अजून सुरू व्हायचा असताना, ती म्हणाली, "कुंपण पांढरं असावं असं मला वाटतं." ठराव एकमताने मंजूर झाला.

ऑक्टोबर आला, ऊन आलं. कॉम्प्युटर कुणीही दाबला तरी सुरू व्हायला लागला. योगायोगाने त्याच आठवड्यात ट्रेव्हरने डब्याचं बटण बदललं होतं.

"सापडला दोष," तो म्हणाला. "पहिल्यापासून बटणच होतं."

डेसने एव्हिसचे आभार मानले आणि त्याच वाक्यात किल्ली परत मागितली. तिने ती टेबलावर ठेवली आणि निघाली. पुढचे दोन शनिवार आली नाही. मी तिच्या घरी गेले तर कुत्र्याचे केस विंचरत बसली होती. मी म्हटलं, "आता तरी सांगून टाक. थंडी पडली की ट्रेव्हरची फजिती होईल."

"होऊ दे," ती म्हणाली. कुत्र्याची शेपटी विंचरून संपवली. मग म्हणाली, "कमिटीतल्या खुर्चीचं काही नाही गं. पण तो पंखा फिरला की सगळे वळून बघायचे. तेवढं बरं वाटायचं."

नोव्हेंबरात प्रदर्शनाचा दिवस उजाडला तो गारठून. आमच्याकडे वसंत असा मध्येच माघार घेतो. रात्री डोंगरावर बर्फ पडलं, सकाळी गारांचा पाऊस. ऑफिसबाहेर रांग लागली: प्लास्टिकखाली स्पंज केक, पिंजऱ्यात कोंबडे, एका बादलीत बदकं. परीक्षकांच्या याद्या कॉम्प्युटरमध्ये आणि कॉम्प्युटर मढं. ट्रेव्हरने बटण पुन्हा बदललं, मग प्लग, मग वायर. सगळे दोष त्याने उलट्या क्रमाने परत शोधले. हीटर लावला होता, पण दार सारखं उघडत होतं आणि आत येणारा प्रत्येक जण चार थेंब आणि एक सल्ला घेऊन येत होता.

डेस माझ्याकडे आला. "तू जरा एव्हिसला..."

"तू जा की."

"माझ्यावर रागावली असेल ती."

"असेलच," मी म्हटलं आणि गाडी काढली.

एव्हिस टोस्टवर जॅम लावत होती. "ट्रेव्हरने दुरुस्त केलंय ना?" ती म्हणाली.

"एव्हिस, बायका केक घेऊन गारांत उभ्या आहेत. केक खाली बसतायत."

ती उठली. डेससाठी उठली नसती, पण स्पंज केक खाली बसणं काय असतं ते तिला माहीत होतं.

ऑफिसात तिने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. ट्रेव्हर हटला नाही, आणि ट्रेव्हर हटत नाही म्हणून बाकीचेही राहिले. मग तिने सगळ्यांदेखत पिशवीत गरम पाणी भरलं, डब्यावर ठेवली, वर स्वेटर टाकला.

"हे काय?" ट्रेव्हर म्हणाला. "शेक देतेयस त्याला? कंबर धरलीय का त्याची?"

सगळे हसले. डेससुद्धा. एव्हिसचे कान लाल झाले, पण ती पिशवीवर हात ठेवून उभी राहिली. बऱ्याच वेळाने पिशवी काढून बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा थांबली, पुन्हा दाबलं. नाही. हसणं आता मोठं झालं होतं. मी तिचा चेहरा बघितला. हिवाळाभर जो चेहरा ट्रेव्हरला नाचवत होता, तो घाबरला होता.

मग ती पावसात बाहेर गेली. आम्हाला वाटलं घरी चालली. ती गेली कुत्र्यांच्या विभागात. तिथे एक बाई आपल्या पूडलला परीक्षकांपुढे नेण्यासाठी केस वाळवत होती. एव्हिसने तिच्या हातातला हेअर ड्रायर मागून घेतला, म्हणजे आधी घेतला आणि मग मागितला. अर्धा फुगलेला आणि अर्धा ओला पूडल थरथरत टेबलावर उभा राहिला.

ड्रायर डब्याच्या मागच्या जाळीला लावून एव्हिस खाली गुडघ्यांवर बसली. पाठ दुखत असणार, पण हलली नाही. बाहेरचा कोंबडा आरवत होता, आतली माणसं माना लांब करून बघू लागली. तिने हात वर करून बटण दाबलं आणि पंखा फिरला.

"मी म्हणतच होतो," ट्रेव्हर म्हणाला, "प्रश्न थंडीचा आहे."

याद्या छापून झाल्या. एव्हिसने दिवसभर कुणाला कॉम्प्युटर बंद करू दिला नाही.

प्रदर्शन झाल्यावर डेसने कॉम्प्युटर लॉन्सेस्टनच्या एका दुकानात नेला. तिथल्या माणसाने आतला पॉवर सप्लाय उघडून दाखवला. आतल्या कपॅसिटर नावाच्या छोट्या डब्यांची डोकी फुगून वर आली होती. "हे म्हातारे झालेत," तो म्हणाला. "गारठ्यात उठत नाहीत." त्याने नवा बसवला. आता कॉम्प्युटर कुणीही, कधीही, कसाही दाबला तरी सुरू होतो. हातगुण संपला.

म्हणून वार्षिक सभेत डेसने एव्हिसला निरोपादाखल फुलं दिली, आणि ट्रेव्हर सेक्रेटरीच्या जागेसाठी उभा राहिला. माझ्यासकट दोघीतिघींनी एव्हिसचं नाव सुचवलं. ट्रेव्हर म्हणाला, आता यंत्र नीट आहे, जाणकार माणूस हवा. मी म्हटलं, मग माझ्या बदकांचे निकाल काढून दाखव. तो बसला. फेनविकच्या प्रोग्रॅममध्ये बदकं मेंढ्यांच्या यादीच्या पोटात आहेत, का ते फेनविकला ठाऊक. ट्रेव्हरने लोणची काढली, भोपळे काढले, शेवटी पडद्यावर एक रिकामी चौकट आली आणि गेलीच नाही. एव्हिस मागच्या रांगेत फुलं मांडीवर घेऊन बसली होती. तिने मदत केली नाही आणि हसलीही नाही. हात वर झाले तेव्हा ट्रेव्हरचा सोडून सगळे तिच्या बाजूने होते. डेसचा शेवटी वर झाला, आधी इकडेतिकडे बघून.

परवा मी अंड्यांच्या नोंदी द्यायला ऑफिसात गेले. डेसला एक पत्र छापायचं होतं. तो कॉम्प्युटरपुढे बसलेला, एव्हिस त्याच्या पाठीशी उभी.

"आता काय दाबू?" डेसने विचारलं.

"काही दाबू नकोस," एव्हिस म्हणाली, आणि आमच्या अध्यक्षाने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.