ॲसिटोनची वाफ जड का भरली

वाफेचं वजन करायची गरज आमच्या घराण्यात कुणाला पडली नव्हती. माझी मुलगी सई बारावीला गेली आणि पडली.

प्रकल्प म्हणून ती सौरचुलीचं तयार मॉडेल आणणार होती. मी (रसायनशास्त्राचा पदवीधर, नोकरी विम्यात) म्हणालो, "विकतचं मॉडेल कुणीही आणतं. आपण ॲसिटोनच्या वाफेची घनता काढू." वही दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती. उत्तर चुकलं, तर सौरचुलीलाही वेळ उरला नव्हता.

रीत सोपी आहे. काचेचा रिकामा चंबू आणि फॉइलचं झाकण तोलायचं. चंबूत थोडं ॲसिटोन घालून झाकण लावायचं, त्याला टाचणीनं भोक पाडायचं आणि चंबू उकळत्या पाण्यात धरायचा (गॅस बंद करून, एवढी अक्कल मला आहे). जास्तीची वाफ भोकातून निघून जाते. मग बाहेर काढून पुसायचा आणि गार झाला की पुन्हा तोलायचा. फरक येईल तेवढं चंबूभर वाफेचं वजन. ॲसिटोन बिबवेवाडीतल्या एका दुकानातलं. काटा शेजारच्या सराफांचा, संध्याकाळपर्यंत उसना.

घनता हायड्रोजनच्या एकोणतीस पट यायला हवी होती. आली सेहेचाळीस पट.

"बाबा, आपलं चुकलंय."

"आपलं नाही. मालात भेसळ आहे." मी तडक दुकानदाराला फोन लावला. "अहो, तुमचं ॲसिटोन जड भरतंय."

"साहेब, कमी भरलं म्हणून रोज फोन येतात. जास्त भरलं म्हणून तुमचा पहिलाच."

मग मी सईला हवेचा दाब, पुण्याची उंची आणि भारतीय व्यापाऱ्यांची नीतिमत्ता, या क्रमानं अर्धा तास समजावलं. ऐकता ऐकता तिनं काट्यावरचा चंबू फिरवला. मागच्या बाजूला कुंकवाचा ठसठशीत टिळा होता आणि त्यावर अक्षता.

"आई, हे कधी केलंस?"

"गार होत होता तेव्हा," माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "नवी वस्तू, त्यात तुझ्या परीक्षेची."

"मग काट्यालाही लावायचं होतंस," मी म्हणालो.

"काटा लोकांचा आहे. तेवढं कळतं मला."

चंबू पुसून पुन्हा तोलला. तीस पट. काटा वेळेत परत गेला, वही वेळेत पोचली. परीक्षकांनी म्हणे चुकांची कारणं वाचून पूर्ण गुण दिले. सईनं दोनच लिहिली होती:

१. कुंकू व अक्षता: ०.१५ ग्रॅम.
२. बाबा: मोजता आले नाहीत.