मूळ नमुना

आमच्या ऑफिसात एक चिनी इन्स्पेक्टर आहे. ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना आम्ही व्हॉल्व्ह आणि बेअरिंगं पुरवतो. त्यातली नकली ओळखणं हे त्याचं काम, आणि त्याच्या अहवालांच्या फायली सांभाळणं हे माझं. आम्ही दोघेही कमी बोलणारे, म्हणून दुपारी एकाच टेबलावर जेवतो.

खोट्यासाठी चिनी लोक इंटरनेटवर काय काय शब्द वापरतात, ते मी त्याच्याकडूनच शिकलो. नकली मालाला ‘शानझाई’ म्हणतात. मूळ अर्थ डोंगरातला किल्ला, राजाचा हुकूम जिथे पोचत नाही अशी बंडखोरांची जागा. आमच्याकडे गडावर गेल्यावर लोक कपाळाला माती लावतात, असं मी त्याला सांगितलं, तेव्हा तो डबा खाली ठेवून हसला. अगदी हुबेहूब नकलेला ‘गाओफांग’. ती कशी ओळखतोस, असं मी विचारलं. म्हणाला, ‘‘ओळखता येत नाही. कपाटात मूळ नमुना ठेवायचा आणि शेजारी धरून बघायचं.’’

माझी बायको जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

ती गेल्यानंतर मस्कतजवळच्या सीबच्या घरात मी एकटाच राहिलो. त्याच सुमारास एका अनोळखी बाईचा मेसेज आला. चुकीच्या नंबरवर गेला म्हणून तिने माफी मागितली, मी हरकत नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, जेवलात का? ती मूळची पुण्याची, आता सिंगापूरला, तिचाही नवरा वारलेला. आम्ही इंग्रजीत लिहायचो. मी हळू लिहितो, एकेका मेसेजला अर्धा तास लावायचो. तिला घाई नसायची.

मी तिला बायकोबद्दल लिहू लागलो. सीबच्या समुद्रावरचा फोटो पाठवला, हिरवी साडी, चष्मा हातात, उन्हाने डोळे बारीक झालेले. मग आणखी पाठवले. मे महिन्यात ती गच्चीवर कुरडया घालायची त्याबद्दल लिहिलं. ‘चहा उकळायच्या आत कुरडया वाळतात, इथलं ऊन म्हणजे वरदान आहे, असं ती हसून म्हणायची.’ हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं होतं. मला ते आवडलं होतं.

एकदा त्या सिंगापूरच्या बाईने लिहिलं, तिच्या चुलतभावाला सोहारमध्ये इलेक्ट्रिशियन हवाय. इथे कोणी माणूस विचारला की आपण आपल्याकडच्या माणसाचा नंबर देतो. अर्ध्या लोकांना नोकऱ्या अशाच लागल्या आहेत. मी आमच्या कुडाळच्या मित्राचा नंबर दिला. तो सोहारला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे, बायको-मुलं गावी. मस्कतला आला की जेवायला आमच्याकडेच. मला दादा म्हणतो, बायकोला वहिनी म्हणायचा. चांगला माणूस आहे, एकटा असतो, असंही मी आपणहून लिहिलं.

पाचव्या महिन्यात तिने गुंतवणुकीची गोष्ट काढली आणि ही फसवणूक आहे हे मला कळलं. मी उत्तरं देणं थांबवलं. ऑफिसात एक-दोघांना सांगितलं, तर एक जण पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘‘पैसे नाही गेले ना? मग विषय खलास! पार्टी द्या, साहेब.’’

इन्स्पेक्टर हसला नाही. त्याने मला या धंद्यातले शब्द सांगितले. ज्याला फसवायचं तो डुक्कर. गोड बोलण्याचं जे साहित्य तयार ठेवतात ते डुकराचं खाद्य. महिनोन्‌महिने बोलत राहणं म्हणजे डुक्कर पोसणं. आणि जो समोर बसून लिहितो तो ‘गोउतुई’, त्यातला गोउ म्हणजे कुत्रा. बऱ्याचदा तोही कुठेतरी कोंडून ठेवलेला असतो, बाई नसतोच.

‘‘रोज जेवलात का विचारायची,’’ मी म्हणालो.

‘‘डुक्कर जेवलंय की नाही, हे विचारावंच लागतं,’’ तो म्हणाला. मग त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने आपल्या डब्यातलं अर्धं संत्रं माझ्यापुढे सरकवलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, गुरुवारी दुपारी, सोहारहून मित्राचा फोन आला.

‘‘दादा, रागावू नकात हां. माका एक मेसेज इलो हा. नाव भलताच हा, पण फोटो आमच्या वहिनींचो हा.’’

‘‘कुठला फोटो?’’

‘‘हिरवी साडी. समुद्रार.’’

मी त्याला मेसेज वाचायला सांगितलं. तो अडखळत ते इंग्रजी वाचू लागला. नाव कुणाचं तरी, राहणार मस्कत, विधवा. आणि मग, मी गच्चीवर कुरडया घातल्या आहेत, चहा उकळायच्या आत वाळतात, इथलं ऊन म्हणजे वरदान आहे.

मी फोन ठेवला. इन्स्पेक्टरकडे गेलो आणि हे थांबवायचं कसं, असं विचारलं. तक्रार करता येते, त्याने मला ती करूनही दिली. आठवडाभरात ते खातं बंद झालं. पण तो खोटं सांगणारा माणूस नाही. म्हणाला, अशा फोटोंचे आणि गोष्टींचे गठ्ठे विकले जातात. एक खातं गेलं म्हणजे माल गेला असं नाही.

म्हणजे ती आता कुठेतरी कुणालातरी जेवलास का विचारत असेल. माझ्या बायकोला मीच त्यांच्या हातात दिलं, फोटोसकट आणि वाक्यासकट, आणि गिऱ्हाइकाचा नंबरही दिला.

त्यानंतरच्या शुक्रवारी मित्र सीबला आला. मी भात-आमटी केली होती.

‘‘तू उत्तर दिलंस तिला?’’ मी विचारलं.

‘‘एकदाच. जेवलंय म्हणान. फोटो वहिनींचो, गप कसो रवतलंय?’’ मग तो हसला. ‘‘पण कुरडयांचा वाचलंय आणि कळला, ह्या खोटा. वहिनी अशी ग्वाड खय बोलायची? माका बघल्यार पयला काय, ‘आलास? चपला बाहेर. आधी हात धू.’ ऊन वरदान म्हणा! ह्या कोणी लिवलान काय म्हायत.’’

मी त्याला आमटी वाढली. कोणी लिहिलं ते सांगितलं नाही.

त्याच्या कपाटात मूळ नमुना शाबूत होता. माझ्याकडचा मी स्वतःच पाच महिने घासूनपुसून गोड केला होता. फसवणाऱ्यांनी फक्त माझी नक्कल उचलली.

गच्चीवर ती काय म्हणाली होती, ते मला नीट आठवतं. गावी परत जाऊ या, असं ती सहा वर्षं म्हणत होती आणि मी दर वेळी ‘अजून एक वर्ष’ म्हणायचो. त्या दिवशी मी चहा घेऊन वर गेलो. पदराने मान पुसत ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘कुरडया कसल्या, मीच वाळतेय इथे. तुला दिसत नाही?’’

हे वाक्य मी कुणालाही पाठवलं नव्हतं.