आईने थोरल्या दिरांचं नाव घेतलं नाही

ग्रुपवरच्या मित्रमैत्रिणींनो, आज बाबांच्या खुनाच्या खटल्यात आईची साक्ष झाली.

धरमतरला मिठागराच्या बांधावर बाबांच्या मानेवर कोयता बसला, तेव्हा आई समोर होती. रक्त तिच्या तोंडावर उडालं. आरोपी म्हणजे बाबांचे दोन थोरले भाऊ.

सरकारी वकिलांनी विचारलं, “वार कोणी केला?”

“थोरल्यांनी.”

“कोणत्या? नाव सांगा, नाहीतर बोट दाखवा.”

आईने पदर पुढे ओढला. “दिरांचं नाव कसं घेऊ, साहेब? मी त्यांच्याकडं वर बघत पन नाय.”

आरोपी ओळखला नाही, अशी नोंद झाली. तिला पुन्हा बोलावण्याचा अर्जही न्यायाधीशांनी फेटाळला.

वकील म्हणाले, “खटल्यामधला अंतरिम आदेश आहे, त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज चालत नाही. हायकोर्टात याचिका करू. पण आई बोलतील का?”

पेणच्या स्टँडवर मी आईला तेच विचारलं.

“नामदेवानं मारला गो,” ती भर गर्दीत काकांचं नाव घेऊन ओरडली. “कोयता अडकला, तर मानेवर पाय देऊन उपसला त्यानं!”

याचिका करतेय. तुमच्या घरातल्या बायका थोरल्या दिरांचं नाव घेतात का? कळवा. हायकोर्टाला ही रीत समजावून सांगायची आहे.