घरच्या माणसाला टिप नसते

जबलपूरच्या महाराजपुरात गुणवंत ठवकरला नावाने कोणी ओळखत नाही. जहाजवाला म्हणतात. पत्तासुद्धा तसाच सांगतात, जहाजवाल्या भैयाच्या घरापासून डावीकडे. लोकांना वाटतं, हा तिकडे पांढरी टोपी घालून, डोळ्याला दुर्बीण लावून उभा राहत असेल. कसली दुर्बीण अन् कसलं काय! चौदा वर्षं हा गडी क्रूझवर लोकांच्या चादरी बदलून राहिला होता. दिवसाला अठरा खोल्या, अन् प्रत्येक खोली दोनदा. सकाळी संडास-बाथरूम घासायचं, संध्याकाळी पलंग आवरायचा, टॉवेलला पीळ देऊन हत्ती नाहीतर माकड करायचं अन् उशीवर बसवायचं. अन् हसायचं. हसणं कामातच धरलेलं होतं.

बाप रामराव अमरावतीकडचा, रिछाईच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होता. पोराने पुठ्ठ्याची खोकी चिकटवू नयेत म्हणून त्याने गुणवंतला हॉटेलचा डिप्लोमा करायला लावला. चोविसाव्या वर्षी गुणवंतने पहिल्यांदा समुद्र पाहिला, तो थेट त्यावर नोकरीच करायला. पहिले चार दिवस ओकला, पाचव्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून उभा राहिला. तेव्हापासून नऊ महिने पाण्यावर, दोन महिने घरी. लग्नसुद्धा अशाच दोन महिन्यांत उरकलं. बायको मोनाली म्हणते, "नऊ वर्षांच्या संसारात माणूस दोन वर्षंही धड घरी नाही राहिला." खोटं नाही ते.

आता ही नोकरी चालते कशावर, ते सांगितलंच पाहिजे, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरच आहे. या पोरांना पगार नावाला. जहाजावर प्रत्येक प्रवाशाच्या खात्यात रोजची टिप आपोआप मांडली जाते, अन् तीच खोलीवाले, जेवणवाले, कपडे धुणारे यांच्यात वाटली जाते. टिप म्हणतात म्हणून लोकांना ती बक्षिसी वाटते. बक्षिसी कसली डोंबलाची! तोच पगार, फक्त मालकाने तो गिऱ्हाइकाच्या खिशावर ढकललेला. मालक हुशार, प्रवासी त्याहून हुशार. काउंटरवर जाऊन "काढून टाका" म्हटलं की ती टिप निघते. फक्त कारण द्यावं लागतं.

भय्यासाहेब त्याला जहाजावरच भेटले. तेही जबलपूरचे, नेपियर टाउनचे. घराणं मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलेलं, स्वतः वीज खात्यातून मोठे अधिकारी म्हणून निवृत्त. मुलगा अमेय हॉलंडमध्ये असतो. त्याने आईबापांना सात रात्रींची सफर करवली, अन् दोघांच्या फोनवर जहाजाची वेगवेगळी खाती उघडून दिली. जहाजावर पहिल्या दिवशी गुणवंत गाडी ढकलत चालला होता. समोरून म्हातारा म्हातारीला म्हणाला, "अगं, गोलबाजारातसुद्धा याहून बरा चहा मिळतो." गुणवंतच्या हातातले टॉवेल खाली पडले.

"काका, जबलपूरचे काय?"

झालं! कोण आनंद! पाच महिन्यांत कानावर मराठी पडली नव्हती. म्हातारीचे, म्हणजे शैलजाकाकूंचे, गुडघे दुखतात म्हटल्यावर त्याने सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याची पिशवी आणून दिली. कामगारांच्या भटारखान्यातून लपवून उपमा आणला. सहाव्या दिवशी तर कहरच झाला. भय्यासाहेबांनी रात्री खालच्या दातांची कवळी टिशूत गुंडाळून ठेवली, अन् सकाळी स्वतःच कचरा समजून टोपलीत टाकली. तोवर टोपली रिकामी झालेली. गुणवंत आपल्या दुपारच्या झोपेच्या वेळेत जहाजाच्या पोटातल्या कचराखोलीत उतरला अन् दीड तास पिशव्या उपसत बसला. कोंबडीची हाडं, लोकांचे डायपर, सगळ्यात हात घातला. कवळी सापडली. उकळत्या पाण्यातून काढून, नॅपकिनवर ठेवून घेऊन गेला. भय्यासाहेबांनी ती तोंडात बसवली अन् म्हणाले, "शाबास."

उतरायच्या दिवशी त्यांनी गुणवंतच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला पैसे देऊन तुझा अपमान नाही करणार मी. घरच्या माणसाला कोणी टिप देतं का?" गुणवंतला भरून आलं. तो तिथेच, त्या गालिच्यावर, वाकून त्यांच्या पाया पडला.

पाया पडला हो! हे त्याला पुढे किती दिवस डाचलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

कारण सुट्टीवर घरी आला, अन् दीड महिन्यात मुंबईच्या, जहाजांवर माणसं भरणाऱ्या एजन्सीतल्या बाईचा फोन आला. "ठवकर, तुमची फाईल थांबली आहे. खोली आठ-दोनशे-चौदा. दोन प्रवासी. उतरायच्या आदल्या दिवशी टिप काढून टाकली, कारण दिलंय, सेवा समाधानकारक नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत त्या प्रवाशांनी आपल्या खात्यावरून लेखी खुलासा केला तर ठीक. नाहीतर नवीन करार नाही. अन् हा शेरा घेऊन दुसरी कंपनीही घेणार नाही."

आठ-दोनशे-चौदा! भय्यासाहेबांची खोली! म्हणजे खांद्यावर हात ठेवायच्या आदल्या दिवशीच म्हाताऱ्याने काउंटर गाठला होता. शुक्रवारी त्याने भय्यासाहेबांना दोनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाले, "मीटिंगमध्ये आहे." निवृत्त माणूस, कसली मीटिंग? दुसऱ्यांदा उचललाच नाही. शनिवारभर गुणवंत पडून राहिला.

रविवारी सकाळी मोनालीने समोर चहा आपटला. "काहून गप्प बसून राहिले? जा ना त्यांच्या घरी. तोंडावर विचारा."

"मोठी माणसं आहेत, मोनाली."

"मोठी माणसं? ज्याने तुमच्या पोटावर पाय दिला त्याला मोठा म्हणून राहिले? हात जोडायला जात असाल तर जाऊच नका."

गुणवंतने मोटारसायकल काढली. महाराजपुरापासून नेपियर टाउनपर्यंत तो वाक्यं जुळवत होता. काका, जरा अडचण होती. काका, गैरसमज झालेला दिसतो. फाटकापाशी पोचेपर्यंत त्याला त्या सगळ्या वाक्यांची किळस आली.

आत बैठकीत भय्यासाहेबांचे चार मित्र पोहे-जलेबी खात होते अन् टीव्हीच्या पडद्यावर सफरीचे फोटो चालू होते. गुणवंतला दारात पाहून भय्यासाहेबांचा चमचा क्षणभर थांबला. पण माणूस मुरलेला. लगेच दोन्ही हात पसरले.

"अरे, ये ये! हाच तो, मी म्हणत होतो ना? आपला जबलपूरचा पोरगा! काय सेवा केली याने! राजासारखं ठेवलं आम्हाला. बोट ठेवायला जागा नाही!"

मित्रांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "वा, बहुत बढिया."

गुणवंत बसला नाही. "काका, हेच लिहून द्या."

"काय?"

"आता बोलले ते. बोट ठेवायला जागा नाही, ते. उद्या संध्याकाळपर्यंत कंपनीला गेलं पाहिजे. उतरायच्या आदल्या दिवशी तुम्ही तिथे लिहून आले की माझी सेवा समाधानकारक नाही. माझी नोकरी चालली."

पडद्यावर भय्यासाहेब गॉगल लावून हसत होते.

"अरे, ते होय! चलो, आत बसू, बोलू."

"इथेच बोला."

भय्यासाहेबांनी बशी खाली ठेवली. "हे बघ, ते तुझ्याविरुद्ध नव्हतंच. ते लोक न विचारता रोज माणशी सोळा डॉलर कापत होते. न विचारता! मी पस्तीस वर्षं बिलं तपासली आहेत, मला हे चालत नाही. टिप माणसाने खुशीने द्यावी. आता ती काउंटरवरची पोरगी कारणाशिवाय काढेना. कागदावर पाच चौकोन होते, मी पहिल्यावर टिक केली. नुसती फॉर्मॅलिटी."

"अन् खुशीने किती दिली?"

भय्यासाहेबांचा चेहरा लाल झाला. "मी तुला घरचा समजलो. घरच्या माणसाला..."

"घरच्या माणसाची तक्रार करतात काय?"

"आवाज खाली! माझ्या घरात उभा आहेस तू. म्हणजे मी काय लिहून देऊ, की मी खोटं लिहिलं? पस्तीस वर्षांत माझ्या सहीचा कागद मी मागे घेतलेला नाही. अन् अमेयला काय सांगू? त्याच्या कार्डावरून पुन्हा कापतील. तुला दुसरी नोकरी मिळेल. तरुण आहेस. मी करतो एखादा फोन इकडेतिकडे."

"अडतीस वर्षांचा आहे मी," गुणवंत म्हणाला. "चौदा वर्षं घासली, साहेब."

काकाचा साहेब झाला, ते सगळ्यांना ऐकू आलं. एका मित्राने जलेबी हातातच धरून ठेवली होती, खावी की ठेवावी त्याला कळेना.

स्वयंपाकघराच्या दारातून शैलजाकाकू गुडघा धरत बाहेर आल्या. त्या केव्हापासून तिथे उभ्या होत्या कोण जाणे. "किती प्रवाशांची तक्रार म्हणालास?"

"दोघांची, काकू. तुमचंही नाव आहे."

"माझं? मी कधी गेले त्या काउंटरवर?"

"तुझी सही मीच केली," भय्यासाहेब म्हणाले. "तुझे गुडघे दुखत होते. तू मध्ये बोलू नको."

काकू नवऱ्याकडे वळल्या. बाई तशी कमी बोलणारी. पण त्या दिवशी बोलली.

"न विचारता सोळा डॉलर कापले तर तुमचा जीव चालला होता. अन् न विचारता माझ्या नावाने या पोराच्या पोटावर पाय देऊन आले? त्याने आणलेल्या गरम पाण्याच्या पिशवीवर मी झोपत होते, अन् मी लिहिलं, सेवा बरोबर नाही?"

"शैलजा, लोक बसले आहेत."

"बसू द्या. आता फोटो दाखवून राहिले ना, तर हेही सांगा. ज्या दातांनी पोहे खाऊन राहिले, ते याने उकिरड्यातून हुडकून आणले. दीड तास कचऱ्यात हात घालून! अन् दुसऱ्याच दिवशी तुम्ही हे केलं. मला तर तुमची लाज वाटून राहिली."

भय्यासाहेबांनी ओठ घट्ट मिटले. चौघांपैकी एकाला एकदम काहीतरी काम आठवलं. तो उठला, पण चपला शोधत तिथेच रेंगाळला, कारण पुढचं कोणाला चुकवायचं होतं!

काकूंनी आपला फोन गुणवंतच्या हातात दिला. "माझ्या खात्यातून लिही. मी सांगते, तू इंग्रजीत कर. लिही, या मुलाने आमची पोटच्या पोरासारखी सेवा केली. लिही, माझ्या नवऱ्याने पैसे वाचवायला खोटं लिहिलं, अन् माझी सही माझ्या नकळत केली."

गुणवंत टाइप करू लागला. खोटं या शब्दापाशी त्याचा अंगठा अडला. चौदा वर्षं प्रवाशाला कधी उलट शब्द बोलला नव्हता तो. त्याने 'गैरसमजाने' असं लिहिलं अन् काकूंना वाचून दाखवलं.

"गैरसमज नाही. खोटं," काकू म्हणाल्या. "खोटंच लिही."

त्याने लिहिलं. इतकं बरं त्याला किती दिवसांत वाटलं नव्हतं.

भय्यासाहेब आत गेले होते. कपाटाचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात पाचशेच्या नोटांची चांगली जाड घडी होती. गुणवंतच्या अगदी जवळ येऊन, मित्रांकडे पाठ करून ते हळू म्हणाले, "हे घे. सात दिवसांची, दोघांची, पूर्ण टिप आहे. वर थोडं जास्तच आहे. तो मेल राहू दे. मी उद्या नीट शब्दांत लिहितो."

खोटं कशाला बोला, गुणवंतची नजर नोटांवर गेली. घरात पैसा हवाच होता. अन् हे त्याचेच होते, घामाचे.

"तेव्हा घरचा होतो म्हणून दिले नाही," तो म्हणाला, हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आता परका झालो म्हणून देऊन राहिले काय?"

अन् त्याने बटण दाबलं. मेल गेला.

कंपनीने नऊ दिवसांनी तो शेरा काढला, करारही आला. पण ते नंतरचं. त्या रविवारी त्या बैठकीत काहीच ठरलेलं नव्हतं. गुणवंतने काकूंना फोन परत दिला, वाकला, अन् त्यांच्या सुजलेल्या पायांना हात लावला. मग तो भय्यासाहेबांकडे वळला. सवयच ती, भय्यासाहेबांचा हात आशीर्वादाला आपोआप वर झाला. नोटा अजून त्याच हातात होत्या.

गुणवंत त्यांच्या बाजूने निघून दारापाशी गेला अन् चपला घालू लागला.

"पोहे खाऊन जा रे," काकू मागून म्हणाल्या.

"तुमच्या हातचे पुन्हा कधी, काकू," तो म्हणाला, अन् फाटक लावून घेतलं.